पुरात जेट कशाला?

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले चार महिने एक वाद चालू आहे. वाद बोटीचा आहे. गाव कृष्णाकाठचं, 2005, 2019 आणि 2021 अशा तिन्ही पुरांत बुडालेलं. गावातली आम्ही तीस-पस्तीस मुलं-मुली पुण्यात आणि बंगळुरात आयटीत आहोत. आम्ही पैसे गोळा केले, एका कंपनीच्या सीएसआर निधीतून त्यात तेवढीच भर पडणार आहे, आणि गावासाठी बचावाची बोट घ्यायचं ठरलं आहे. कुठली घ्यायची यावर एकमत नाही. बहुमत मात्र आहे: डिझेलवर चालणारं, जेट असलेलं आउटबोर्ड इंजिन घ्या. हे बहुमत ज्या एक्सेल शीटमुळे झालं, ती मी बनवली होती. ती शीट चुकीची होती. पैसे खर्च व्हायच्या आत हे जाहीरपणे सांगणं मला भाग आहे.

आधी शब्द स्पष्ट करतो. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. सर्वसाधारण आउटबोर्डच्या खालच्या टोकाला पंखा असतो, म्हणजे प्रोपेलर. जेटमध्ये बाहेर पंखा नसतो. त्या जागी एक पंप असतो. तो बोटीखालचं पाणी जाळीतून आत ओढतो आणि मागच्या तोटीतून जोरात बाहेर फेकतो. पाणी मागे जातं, बोट पुढे जाते. आणि डिझेल म्हणजे डिझेल. आउटबोर्ड इंजिनं बहुतेक पेट्रोलवर चालतात, डिझेलची मोजकीच आहेत. यानमारने विकलेलं 50 अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं डीटॉर्क, स्वीडनचं ऑक्सी, इंग्लंडचं 300 अश्वशक्तीचं व्ही-8 कॉक्स ही त्यातली ठळक नावं.

माझ्या शीटमध्ये डाव्या बाजूला गुण होते: सुरक्षितता, उथळ पाण्यात चालणं, इंधनाची उपलब्धता, आगीचा धोका, इंधनाचा खप. प्रत्येक गुणाला वजन दिलं होतं. जेटला सुरक्षिततेत दहापैकी दहा, कारण पाण्यात पडलेल्या माणसाला कापायला पंखाच नाही. उथळ पाण्यात दहा, कारण बोटीच्या तळाच्या खाली फारसं काही लोंबत नाही. डिझेलला आगीच्या रकान्यात नऊ, कारण पेट्रोलसारखी त्याची वाफ सहज भडकत नाही. इंधनाच्या उपलब्धतेत दहा, कारण पुरात पेट्रोलपंप पाण्याखाली असला तरी गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल असतं. बेरीज केली, डिझेल जेट पहिलं आलं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

यातला एकही मुद्दा खोटा नाही, हे आधी मान्य करतो. ट्रॅक्टरच्या टाकीचा मुद्दा तर मला आजही पटतो. खोटी होती ती बेरीज. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर अशाच शीट बनवतो आणि तीन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की एक उत्तम गोष्ट होते असं धरून चालतो. इंजिनात तसं होत नाही. तिथे एका भागाचा गुण दुसऱ्या भागामुळे वाया जाऊ शकतो, आणि तोटे मात्र सगळ्यांचे एकत्र भोगावे लागतात.

हे मला शिकवलं ते आमच्याकडच्या एका नावाड्याने. सगळे त्यांना तात्या म्हणतात. 2019 मध्ये त्यांनी लाकडी नावेतून आणि मिळेल त्या बोटीतून माणसं काढली, त्यात माझी आज्जी होती. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो तो खरं तर त्यांची पसंती मिळवायला. जेटचं चित्र बघून ते म्हणाले, "ह्यो तर पंपच की रं."

मी म्हटलं, हो, पंपच.

"फुटवॉलची जाळी कुठं हाय मग?"

मी तळाची जाळी दाखवली. तात्या थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आन् पाचट बसल्यावर?"

हा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात नव्हता. पण नदीवर मोटर टाकून ऊस भिजवलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचणारच नाही. जाळीत कचरा बसला की मोटर पाणी सोडते, हवा धरते, आणि कुणीतरी गळाभर पाण्यात उतरून फुटव्हॉल्व्ह मोकळा करतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. मी विसरलो होतो, कारण मी चित्रातलं पाणी निळं आणि स्वच्छ धरून चाललो होतो.

सांगली-कोल्हापूरच्या पुराचं पाणी कसं असतं ते आठवा. उभा ऊस पाण्याखाली असतो. पाला, पाचट, कडब्याच्या पेंढ्या, गोठ्यातली दावी, प्लास्टिक, कपडे, ठिबकच्या नळ्या सगळं तरंगत असतं. पंचगंगेकडे गेलात तर जलपर्णी. आणि सगळीभर गाळ. जेट हे यंत्रच असं आहे की ते आसपासचं पाणी, आणि पाण्यात असेल ते, आपल्याकडे ओढून घेतं. जाळी थोडी जरी भरली तरी पंपाला पुरेसं पाणी मिळत नाही, इंपेलरभोवती हवा आणि बुडबुडे होतात, इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. जाळीच्या पट्ट्यांमधून एखादी बारीक दोरी आत गेली तर ती इंपेलरच्या दांड्याला गुंडाळते. आउटबोर्ड जेट वर उचलता येतं हे खरं, पण आत गुंडाळलेली दोरी काढायला बऱ्याचदा नटबोल्ट खोलावे लागतात. गाळाची गोष्ट आणखी वेगळी. इंपेलर आणि त्याभोवतीचं कवच यांच्यातली फट अगदी बारीक असते, रेती-गाळाने ती झिजून वाढते आणि तेवढा जोर कमी होतो.

पंख्यालाही कचरा अडकतो, कुणी नाकारत नाही. पण पंखा उघडा असतो. इंजिन तिरकं करून वर उचललं की तो डोळ्यांसमोर येतो, आणि विळ्याने दोन मिनिटांत दोरी कापता येते. लहान इंजिनात पंखा दगडाला किंवा बुडालेल्या कुंपणाला लागला तर शिअर पिन तुटते, म्हणजे ती मुद्दाम तुटावी अशीच केलेली असते. खिशातली दुसरी पिन लावायची आणि निघायचं.

तात्यांचा दुसरा प्रश्न: "हळू चालतंय का?" मला वाटलं, ही काय विचारायची गोष्ट आहे. घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळलं की सगळी गोम तिथेच आहे.

बोट ढकलायची म्हणजे पाणी मागे ढकलायचं. ते दोन प्रकारे करता येतं: भरपूर पाणी सावकाश ढकला, किंवा थोडं पाणी जोरात फेका. पाण्याला दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, पण मिळणारा रेटा वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो. म्हणून तेवढ्याच ताकदीत थोडं पाणी जोरात फेकणाऱ्याला रेटा कमी मिळतो. आकडे घेऊ. बोट जागेवर उभी आहे आणि पाण्याला 10 किलोवॅट, म्हणजे सुमारे 13 अश्वशक्ती, मिळते आहे. झीज, घर्षण काही धरू नका. 30 सेंटिमीटर व्यासाचा आदर्श पंखा या ताकदीत साधारण 2400 न्यूटन रेटा देईल. सेकंदाला 15 मीटर वेगाने पाणी फेकणारं आदर्श जेट देईल सुमारे 1300 न्यूटन. किलोत सांगायचं तर एकीकडे 245 किलोचा रेटा, दुसरीकडे 136 किलोचा. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतील, कारण पंख्याच्या पात्यांत तोटा आहे तसा पंपाच्या जाळीत, वळणात आणि तोटीतही आहे. पण हळू वेगातला हा फरक पुसला जाणार नाही. तो भौतिकशास्त्राचा आहे, कंपनीचा नाही.

वेग वाढत गेला की चित्र पालटतं. बोट स्वतःच पंचवीस-तीस नॉटने धावत असेल तर जेटचं पाणी आणि बोट यांच्या वेगातला फरक कमी होतो, आणि पंख्याचा पाण्याखालचा दांडा नि गिअरपेटी यांचा अडथळा जेटला नसतो. तिथे जेट पंख्याला टक्कर देतं. पण पुरातली बचावाची बोट तीस नॉटने जात नाही. ती पाच-सहा नॉटने जाते, दहा-पंधरा माणसं घेऊन, दोन घरांच्या मधून, विजेच्या तारांखालून. तिला गरज असते ती प्रवाहाविरुद्ध जागेवर टिकून राहण्याची. म्हणजे नेमकं जिथे जेट सगळ्यात दुबळं आहे, तिथेच आम्ही ते वापरणार होतो. आउटबोर्ड जेट विकणाऱ्या कंपन्या हे लपवत नाहीत. मर्क्युरीचं 'जेट 80' हे 115 अश्वशक्तीच्या इंजिनावर बसवलेलं असतं. सुमारे तीस टक्के कुठे गेले ते नावातच लिहिलेलं आहे. मीच वाचलं नव्हतं.

हळू चालण्यात आणखी एक पेच आहे. जेटची बोट वळते ती फेकलेल्या पाण्याची दिशा बदलून. रेस सोडली की पाणी फेकणं थांबतं, आणि मग वळणंही थांबतं. छपरावर उभ्या असलेल्या माणसांजवळ बोट लावायची असते तेव्हा नावाडी नेमकी रेस सोडतो. त्या क्षणी जेट बोट तिच्या मनाने जाते. सराव असलेला चालक हे सांभाळतो, उलट्या झोताची झडप वापरून सांभाळतो. पण आमच्या गावात जेटचा सराव कुणाला आहे? आणि तो करणार कुठे, कधी?

आता डिझेल. डिझेलबद्दल माझ्या मनात आकस नाही. कोकणातल्या मासेमारी बोटींची मोजणीच सिलिंडरवर होते, दोन सिलिंडरवाली, चार सिलिंडरवाली, सहा सिलिंडरवाली, आणि ती सगळी आत बसवलेली डिझेल इंजिनं. रोज समुद्रात जाणाऱ्या बोटीला डिझेल परवडतं, कारण तास भरतात. एका लिटरमध्ये ऊर्जा जास्त, खप कमी, आणि कमी फेऱ्यांवर जोर भरपूर. पण या शेवटच्या गुणाचं जेटला काही सोयरसुतक नाही. पंपाचा भार फेऱ्यांच्या घनाने वाढतो, म्हणजे कमी फेऱ्यांवर तो इंजिनाकडे जवळजवळ काही मागतच नाही. डिझेलचा खालचा जोर तिथे बसून राहतो. उलट अडचण वर येते. पेट्रोल आउटबोर्ड मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्या घेतं आणि जेटचा इंपेलर सरळ त्याच दांड्यावर बसवता येतो. डिझेल चार हजाराच्या आसपास थांबतं. मग पंप मोठा करा, म्हणजे वजन वाढलं, किंवा फेऱ्या वाढवणारे गिअर घाला, म्हणजे वजनही वाढलं आणि बिघडायला एक जागाही वाढली.

वजन हा इथे किरकोळ मुद्दा नाही. 25 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड साधारण 50 किलोचं असतं, दोन माणसं उचलून ट्रॉलीत ठेवतात. 50 अश्वशक्तीचं ते डिझेल डीटॉर्क 175 किलोच्या घरात जातं. कॉक्सचं 300 अश्वशक्तीचं 390 किलोच्या वर आहे. लहान बोटीच्या मागच्या फळीवर पावणेदोनशे किलो लटकवले की मागची बाजू खाली बसते, तिथून पाणी आत यायला वेळ लागत नाही, आणि बोटीत तेवढी माणसं कमी बसतात. आमच्या हिशेबात त्या वजनाची किंमत दर फेरीला तीन माणसं आहे. माझ्या शीटमध्ये वजनाचा रकानाच नव्हता.

मग तात्यांचा तिसरा प्रश्न, जो त्यांनी मी उठता उठता विचारला: "बिघडलं तर कोन?" आधुनिक डिझेल आउटबोर्डमध्ये कॉमन रेल असते, टर्बो असतो, कॉम्प्युटर असतो. वर्षातले तीनशेसाठ दिवस ही बोट पंचायतीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहणार. टाकीतल्या डिझेलला पाणी सुटणार, इंजेक्टर गंजणार. पेट्रोलही जुनं झालं की कार्बुरेटर चिकट करतं, पण तो मोटरसायकल दुरुस्त करणारा कुठलाही मेकॅनिक तासाभरात साफ करून देतो. डिझेलच्या त्या कॉम्प्युटरला जोडायची वायर आमच्या जिल्ह्यात कुणाकडे आहे? आमच्या धंद्यात साधा नियम आहे: ज्या बॅकअपवरून कधी डेटा परत आणून पाहिला नाही, तो बॅकअप आहे असं धरायचं नाही. ऑफिसात हा नियम मी दुसऱ्यांना ऐकवतो. गावासाठी बोट निवडताना मला तो आठवला नाही.

माझ्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा आता घेतो, कारण ग्रुपवर तोच पुन्हा पुन्हा येतो. पंख्याने माणूस कापला जातो. हे खरं आहे आणि भयंकर आहे. म्हणून पंख्याभोवती जाळीचा किंवा कड्याचा गार्ड बसवतात. त्याने वरचा वेग थोडा घटतो, जो आपल्याला नकोच आहे. म्हणून माणूस पाण्यातून घेताना इंजिन न्यूट्रलला टाकायचं किंवा बंद करायचं, हा नियम शिकवावा लागतो. जेट हातपाय कापत नाही, पण जाळीपाशी साडीचा पदर, केस, दोरी ओढली जाऊ शकते, तेव्हा इंजिन बंद करण्याचा नियम तिथेही चुकत नाही. शिवाय पुरात बोटीतली माणसं कशाने मरतात हे आमच्या भागाला कुणी सांगायला नको. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर कुणी प्रोपेलरबद्दल बोललं नव्हतं. बोटीत किती माणसं होती, लाइफ जॅकेट होती का, हेच सगळे विचारत होते. पुढे आमची बोट ठरवायला बसलो तेव्हा शीटमध्ये लाइफ जॅकेटचा रकानाही नव्हता.

जेटला मी शिव्या देत नाही. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात त्यांच्या भागातल्या उथळ, खडकाळ, वेगवान नद्यांसाठी जेट बोट घडवली. तिथे पाणी स्वच्छ, तळाशी गोटे आणि खोली वीतभर, पंख्याचा निभाव लागणंच शक्य नव्हतं. 1960 मध्ये त्यांच्या जेट बोटी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. 1977 मध्ये एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागरहून निघाले ते हिमालयात नंदप्रयागच्या जवळपास धबधब्याने अडवेपर्यंत गेले. त्या कामाला तेच यंत्र हवं होतं. सैन्यांना डिझेल आउटबोर्ड हवं असतं, कारण त्यांना पेट्रोलचे वेगळे पिंप सांभाळायचे नसतात. पंख्याऐवजी जेट हवं असतं, कारण त्यांचे जवान पाण्यात उतरतात. त्यांच्याकडे मेकॅनिक आहेत, सराव आहे आणि पैसा आहे. त्यांच्या गरजेचं उत्तर उचलून आपल्या प्रश्नाला चिकटवायचं, ही आळशी हुशारी आहे. मी ती केली.

आणि पंपाचं वावडं तर आम्हाला असायचं कारणच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यातच आहे. तिथले पंप देशभर गेले. पंप कुठे बसवायचा आणि कुठे नाही हे कळणारी माणसं आमच्या आसपास भरपूर आहेत. आम्ही त्यांना ग्रुपमध्ये घेतलेलंच नाही. तात्यांकडे तर स्मार्टफोनही नाही.

राग मला यंत्रापेक्षा या सवयीचा येतो. गावासाठी काही करायचं म्हटलं की आम्हाला आधी वस्तू सुचते, आणि तीही सगळ्यात नवी. नव्या वस्तूचा फोटो चांगला येतो. सीएसआरच्या बैठकीत मला स्पष्ट विचारलं गेलं की पेट्रोलचं जुन्या पद्धतीचं इंजिन घेतलं तर अहवालात वेगळं काय लिहायचं. दोन इंजिनं, तीस लाइफ जॅकेट आणि दर वर्षी आठ तरुणांचं प्रशिक्षण, असं मी म्हटलं. समोरच्या बाईंनी ते लिहून घेतलं, पण त्यांचा चेहरा पडला होता. त्यांचाही दोष नाही. त्यांच्याकडेही एक शीट असणार.

माझा प्रस्ताव ग्रुपवर टाकला आहे, इथेही लिहितो. सपाट तळाची, रुंद बोट, बाजूवर किती माणसं ते ठळक रंगवलेलं. 25 अश्वशक्तीची दोन साधी पेट्रोल आउटबोर्ड, दोन्हीला पंख्याचे गार्ड; एक बोटीवर, दुसरं शेडमध्ये, दर तीन महिन्यांनी अदलाबदल. पेट्रोलचे बंद कॅन गावातल्या उंच जागी, मे महिन्यात भरलेले. ट्रॅक्टरच्या टाकीचा फायदा यात जातो, तो मी सोडतो आहे. वल्ही आणि बांबू, कारण इंजिन बंद पडणारच. बोट वर्षभर तात्यांच्या मुलाने पैलतीरावरच्या ये-जा करण्यासाठी वापरावी, म्हणजे इंजिन चालू राहील आणि हातही. उरलेल्या पैशात लाइफ जॅकेट, त्यात लहान मुलांच्या मापाची वेगळी. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा गाव किती फुटांना रिकामं करायला घ्यायचं हेही आत्ताच ठरवून चावडीवर लिहावं.

यात जेट नाही, डिझेल नाही, त्यामुळे या प्रस्तावाला अजून फारसे अंगठे मिळालेले नाहीत. मतदान मेच्या पहिल्या रविवारी आहे. या वेळी ते गावात, देवळात घ्यावं आणि तात्यांनी बोलल्याशिवाय सुरू करू नये, एवढं मात्र मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आहे.